अपग्रेडनंतर सुरू न होणारा संगणक: डेटा न गमावता तो परत कसा उभा करावा

विंडोज 10 ची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. तेव्हापासून तालुक्याच्या गावांतील सेतू केंद्रे, ग्रामपंचायत कार्यालये, कृषी सेवा केंद्रे आणि झेरॉक्सची दुकाने अशा ठिकाणच्या जुन्या संगणकांवर विंडोज 11 चढवण्याची घाई दिसते. त्यांपैकी काही संगणक अपग्रेडच्या मध्यातच अडकतात किंवा दुसऱ्या दिवशी सुरूच होत नाहीत, आणि दुरुस्तीच्या दुकानात नेल्यावर बहुधा एकच उत्तर मिळते: फॉरमॅट मारून देतो. हे उत्तर दुकानदाराच्या सोयीचे असते, मालकाच्या नव्हे. अपग्रेड फसल्यावर सहसा संगणक सुरू होण्याच्या प्रक्रियेतील एखादा टप्पा बिघडलेला असतो. लोकांचे अर्ज, टॅलीचे हिशेब आणि ठरावांच्या फायली डिस्कवर जागच्या जागी असतात. म्हणून या कामात क्रम महत्त्वाचा आहे. आधी काहीही पुसू नये, संगणक नेमका कोठे अडतो ते पाहावे, डेटा बाहेर काढून घ्यावा आणि त्यानंतर अपग्रेड पुढे रेटण्याऐवजी आधीच्या आवृत्तीवर परत जाण्याचा मार्ग शोधावा.

घाईने बंद करण्यापूर्वी

अपग्रेड चालू असताना लाइन गेली आणि ती परत आल्यावर पडद्यावर केलेले बदल मागे घेत असल्याचा संदेश दिसत असेल, तर संगणकाला हात लावू नये. विंडोजची स्थापना-प्रक्रिया अर्ध्यात तुटल्यास पुढच्या वेळी ती स्वतःच जुन्या स्थितीकडे परतण्याचा प्रयत्न करते, आणि जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर या कामाला दोन-तीन तासही लागू शकतात. डिस्कचा दिवा लुकलुकत आहे तोवर काम चालू आहे असे समजावे. याच वेळी पुन्हा वीज गेली तर सुधारता येण्याजोगा बिघाड गंभीर होतो, म्हणून डेस्कटॉप चांगल्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर असल्याची खात्री करावी आणि लॅपटॉपचा चार्जर जोडून ठेवावा. गावठाण फीडरवरील वीजही पावसाळ्यात दुपारनंतर बेभरवशाची असते, त्यामुळे हे काम शक्यतो सकाळी हाती घ्यावे.

उन्हाळ्यात आणखी एक कारण लक्षात घ्यावे लागते. टिनाच्या छताखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी धुळीने भरलेला पंखा प्रोसेसरला थंड ठेवू शकत नाही. अपग्रेडच्या वेळी प्रोसेसरवर दीर्घकाळ ताण पडत असल्याने संगणक तापून आपोआप बंद होतो आणि दोष मात्र विंडोजवर ढकलला जातो. डबा उघडून पंखा आणि उष्णता वाहून नेणाऱ्या जाळीवरील धूळ मऊ ब्रशने काढावी, संगणक थंड होऊ द्यावा आणि मगच पुढचा प्रयत्न करावा.

संगणक कोठे अडतो

सर्वप्रथम प्रिंटर, बायोमेट्रिक यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, पेन ड्राइव्ह असे सर्व काही काढून केवळ कीबोर्ड आणि माउस ठेवावा. विसरलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याचा प्रयत्न करणारे संगणक वाटतात त्यापेक्षा बरेच असतात.

यानंतर पडदा लक्षपूर्वक पाहावा. कंपनीचे बोधचिन्हही येत नसेल, केवळ बीप वाजत असेल किंवा पडदा पूर्ण काळा असेल, तर दोष विंडोजपर्यंत पोहोचण्याआधीचा आहे: रॅम, वीजपुरवठा किंवा मॉनिटरची केबल. तेथे सॉफ्टवेअरचे कोणतेही उपाय लागू पडत नाहीत. कंपनीचे चिन्ह येऊन गेल्यावर बूट करण्याजोगे उपकरण सापडत नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तर बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रणालीची, मांडणी किंवा बूटच्या (संगणक सुरू करणाऱ्या) फायली तपासाव्यात. विंडोजचे चिन्ह आणि फिरणारे ठिपके येऊन तेथेच थांबत असेल किंवा निळा पडदा येत असेल, तर बहुधा ड्रायव्हर किंवा अर्धवट अपग्रेड हे कारण असते. पासवर्ड टाकल्यानंतर काळा पडदा आणि बाण दिसत असेल, तर स्थिती सर्वात सौम्य आहे; विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या की पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कधी कधी तेवढ्यानेच काम भागते.

बूट उपकरण न सापडण्यामागे जुन्या संगणकांवर एक कारण वारंवार आढळते आणि ते समजून घेण्यासारखे आहे. विंडोज 11 साठी यूईएफआय ही संगणक सुरू करण्याची नवी पद्धत, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम 2.0 हा सुरक्षेचा घटक आवश्यक असल्याचे ऐकून अनेक जण बायोसमध्ये जाऊन लेगसी, म्हणजे जुनी, पद्धत बदलून यूईएफआय करतात. परंतु त्यांच्या डिस्कची रचना जुन्या एमबीआर प्रकारची असते आणि यूईएफआय पद्धतीत विंडोज तशा डिस्कवरून सुरू होत नाही. डिस्क रूपांतरित न करता केवळ बायोसमधील पर्याय बदलल्यामुळे चालता संगणक बंद पडतो. उपाय साधा आहे: पर्याय पुन्हा लेगसी किंवा सीएसएम (काही बायोसमध्ये जुन्या पद्धतीचे हे नाव असते) करावा. याच्या उलट प्रकारही घडतो. मदरबोर्डवरील सीआर2032 हा 3 व्होल्टचा बटणासारखा सेल मेला की वीज पूर्ण तुटल्यावर बायोस मूळ मांडणीवर जातो, तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि डिस्कशी संपर्क साधण्याची पद्धत एएचसीआयवरून रेड किंवा रेडवरून एएचसीआय होते. मग विंडोज डिस्कपर्यंत पोहोचू शकत नसल्याचा निळा पडदा दाखवते. बायोस उघडल्यावर तारीख चुकीची दिसली, तर आधी सेल बदलावा आणि डिस्कची पद्धत पूर्वीसारखी करून पाहावी. हा सेल गावातल्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

एक मर्यादा मात्र कोणत्याही उपायाने ओलांडता येत नाही. विंडोज 11 ची 24एच2 ही 2024 मधील आवृत्ती प्रोसेसरमधील एसएसई 4.2 या सूचनासंचाशिवाय चालत नाही. कोअर 2 ड्युओ पिढीच्या प्रोसेसरमध्ये तो नाही. अटी चुकवण्याच्या क्लृप्त्या वापरून अशा संगणकावर ही आवृत्ती चढवली असेल, तर तिची दुरुस्ती करण्यात वेळ घालवू नये; डेटा काढून घ्यावा आणि विंडोज 10 किंवा लिनक्सकडे वळावे.

दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत पोहोचणे

विंडोजमध्ये दुरुस्तीचे स्वतंत्र वातावरण आधीपासून असते. सलग दोन-तीन वेळा सुरुवात फसली की ते आपोआप उघडते. ते उघडत नसेल तर फिरणारे ठिपके दिसताच पॉवरचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे, संगणक बंद करावा आणि हे आणखी एक-दोन वेळा करावे. मात्र बदल मागे घेण्याचे काम चालू असताना असे कधीही करू नये. निळ्या पडद्यावर पर्याय आले की ट्रबलशूट आणि त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स निवडावे. ट्रबलशूटमध्येच रीसेट धिस पीसी हा ठळक पर्याय दिसतो. या टप्प्यावर तो निवडू नये.

येथे अनेकांना पहिल्यांदाच बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची, 48 अंकी किल्ली मागणारा पडदा दिसतो. डिस्क कूटबद्ध आहे हे त्यांना ठाऊकच नसते, कारण अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की कूटबद्धता आपोआप चालू होते. ती किल्ली बहुतेक वेळा त्याच खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीत ती पाहता येते आणि पडद्यावर दिसणारा ओळखक्रमांक यादीतील क्रमांकाशी जुळवून योग्य किल्ली निवडावी लागते. संगणक विकत घेताना दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने खाते उघडून दिले असेल, तर किल्ली त्याच्याकडे असेल आणि त्याला फोन करण्यावाचून मार्ग नाही. किल्लीशिवाय या डिस्कवरील डेटा वाचवणारा कोणताही कारागीर नाही, मग तो नागपूरचा असो वा पुण्याचा.

आधी डेटा

दुरुस्तीचा कोणताही उपाय करण्यापूर्वी फायली बाहेर काढाव्यात. त्यासाठी डिस्क उघडून दुसऱ्या संगणकाला लावण्याची गरज नसते. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधील कमांड प्रॉम्प्ट उघडावे, तेथे इंग्रजीत नोटपॅड असे टाइप करून एंटर दाबावे आणि उघडलेल्या नोटपॅडच्या फाइल मेनूतून ओपन निवडावे. जी खिडकी उघडते तिच्यात फाइलचा प्रकार ऑल फाइल्स असा केला की सर्व ड्राइव्ह आणि फोल्डर दिसतात आणि माउसच्या उजव्या बटणाने हवा तो फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट करता येतो. मोठा फोल्डर उतरवताना खिडकी थिजल्यासारखी वाटते, वाट पाहावी. दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, त्यामुळे नेहमीचा सी ड्राइव्ह येथे डी म्हणून दिसला तर घाबरू नये. ज्यात विंडोज आणि यूझर्स हे फोल्डर आहेत तोच आपला ड्राइव्ह.

डेटा बराच असेल तर रोबोकॉपी ही आज्ञा अधिक भरवशाची आहे. पुढे आज्ञा जशा उच्चारल्या जातात तशा दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत लिहाव्यात. आपला ड्राइव्ह डी आणि बाहेरची डिस्क ई असेल, तर आज्ञा अशी होते: रोबोकॉपी डी:\यूझर्स ई:\बॅकअप /ई /आर:1 /डब्ल्यू:1 /एक्सजे. यातील शेवटच्या भागामुळे स्वतःकडेच परत वळणाऱ्या जोडण्या वगळल्या जातात. तो विसरल्यास कॉपी संपतच नाही.

डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली यूझर्स फोल्डरमध्ये येतातच, आणि विंडोज मारून देताना सर्वात आधी त्याच जातात. पण केवळ तेवढ्यावर थांबू नये. टॅलीचा डेटा, शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचा डेटा पुष्कळदा यूझर्सच्या बाहेर, त्या त्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये असतो. विंडोजमधील फॉन्ट्स हा फोल्डरही अवश्य घ्यावा. ग्रामपंचायतीचे जुने ठराव आणि शाळेचे दाखले अनेक ठिकाणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत आणि तो विशिष्ट फॉन्ट हरवल्यास फाइल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात.

कॉपी करताना डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला किंवा वेग अतिशय मंदावला, तर तेथेच थांबावे. अपग्रेडमध्ये डिस्कवर प्रचंड लिखाण होते आणि आधीच अशक्त झालेली डिस्क त्याच वेळी जीव टाकते. अशा डिस्कवर दुरुस्तीच्या आज्ञा चालवल्यास उरलेलेही जाते. डेटा मोलाचा असेल तर संगणक बंद करून डिस्क नागपूर, अमरावती किंवा अकोल्यातील डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्यांकडे न्यावी.

मागे परतणे

फायली हाती आल्यावर अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधील अनइन्स्टॉल अपडेट्स उघडावे. त्यात दोन पर्याय असतात. क्वालिटी अपडेट म्हणजे दर महिन्याचे अद्यतन. फीचर अपडेट म्हणजे संपूर्ण नवी आवृत्ती. अपग्रेडनंतर संगणक बंद पडला असेल तर दुसरा पर्याय निवडावा. ही सोय मूळ मांडणीनुसार अपग्रेडनंतर 10 दिवसच मिळते, कारण जुनी आवृत्ती ज्या विंडोज डॉट ओल्ड फोल्डरमध्ये राखलेली असते तो त्यानंतर आपोआप हटवला जातो. खरिपाच्या हंगामात पीक विम्याच्या अर्जांची गर्दी असताना बंद पडलेला संगणक कोपऱ्यात ठेवून देण्याची प्रवृत्ती असते. निदान ही मुदत डोळ्यांसमोर ठेवून तरी तो लवकर हाती घ्यावा. अनेकांनी तर जागा मोकळी करण्यासाठी तो फोल्डर स्वतःच पुसलेला असतो, आणि मग हा दरवाजा बंद होतो.

ते जमले नाही तर स्टार्टअप रिपेअर एकदा चालवून पाहावे. त्यावर फार विसंबू नये. किरकोळ बिघाड ते दुरुस्त करते, अन्यथा दुरुस्ती करता आली नाही एवढेच सांगते. सिस्टम रिस्टोअर उपयोगी आहे, पण ते बहुतेक संगणकांवर आधीपासून चालू नसते. स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोडमध्ये, म्हणजे एफ4 किंवा 4 दाबून, संगणक सुरू झाला तर दोष ड्रायव्हरचा किंवा अँटिव्हायरसचा आहे असे धरून चालावे आणि नुकताच बसलेला ड्रायव्हर किंवा बाहेरचा अँटिव्हायरस काढून टाकावा. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले होते. त्यांतले असंख्य संगणक शेवटी सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसल्यावरच सुरू झाले.

आज्ञांनी दुरुस्ती

वरचे उपाय थकले तर पुन्हा कमांड प्रॉम्प्ट. अर्धवट राहिलेले अद्यतन मागे घेण्यासाठी डीआयएसएम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स ही आज्ञा द्यावी. ठिपक्यांवर अडकलेल्या संगणकांसाठी आज्ञांपैकी हीच प्रथम वापरावी असे मी सांगेन. त्यानंतर डिस्क निरोगी असेल तरच सीएचकेडीएसके डी: /एफ चालवावे.

बूटच्या फायलीच बिघडल्या असतील तर त्या नव्याने लिहाव्या लागतात. डिस्कपार्ट टाइप करून त्यात लिस्ट व्हॉल्यूम दिल्यावर येणाऱ्या यादीत काहीशे एमबीचा, फॅट32 प्रकारचा छोटा भाग शोधावा. यूईएफआय संगणकाच्या बूटच्या फायली त्यातच असतात. त्याचा क्रमांक घेऊन सिलेक्ट व्हॉल्यूम आणि तो क्रमांक, मग असाइन लेटर=एस आणि शेवटी एक्झिट द्यावे. येथे फॉरमॅट किंवा क्लीन हे शब्द चुकूनही टाइप करू नयेत. बाहेर आल्यावर बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय ही आज्ञा दिली की बूटच्या फायली पुन्हा तयार होतात. संगणक जुन्या लेगसी पद्धतीचा असेल तर बूटरेक /फिक्सएमबीआर आणि बूटरेक /रीबिल्डबीसीडी या आज्ञा आहेत. आंतरजालावर सर्वत्र आढळणारी बूटरेक /फिक्सबूट ही आज्ञा यूईएफआय संगणकांवर अनेकदा परवानगी नाकारल्याचे सांगते. तिच्यामागे वेळ दवडू नये.

नवी स्थापना, पण फॉरमॅट न मारता

काहीच चालले नाही तर विंडोज पुन्हा बसवावे लागते. त्यासाठी दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूलने किमान 8 जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करावा. त्यावरील आधीचा मजकूर पुसला जातो. ही कित्येक जीबींची उतरवणी असल्याने मोबाइलच्या दैनंदिन डेटावर अवलंबून न राहता ज्या कार्यालयात फायबर जोडणी आहे तेथे हे काम उरकावे. पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना डेल, लेनोवो आणि एसरच्या बहुतेक संगणकांवर एफ12, तर एचपीवर एफ9 दाबल्यास बूटचा मेनू येतो.

स्थापनेच्या वेळी जुन्याच विभागावर, तो फॉरमॅट किंवा डिलीट न करता, कस्टम पद्धतीने विंडोज बसवले, तर आधीचे विंडोज, प्रोग्राम आणि यूझर्स हे फोल्डर विंडोज डॉट ओल्डमध्ये हलवले जातात आणि फायली तेथून परत घेता येतात. प्रोग्राम मात्र नव्याने बसवावे लागतात. 11व्या पिढीपासूनच्या इंटेल संगणकांवर स्थापनेच्या पडद्यावर डिस्कच दिसत नसेल, तर ती मेली असे समजू नये. डिस्क ओळखण्यासाठी लागणारा इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून पेन ड्राइव्हवर आणून त्या पडद्यावरील लोड ड्रायव्हर या पर्यायाने द्यावा लागतो. परवान्याची चिंता सहसा नसते, कारण डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि इंटरनेट मिळताच विंडोज सक्रिय होते.

उबुंटू असल्यास

उबुंटू या लिनक्स प्रणालीचे अपग्रेड मध्येच तुटले तर परतीचा मार्ग तुलनेने सरळ आहे. संगणक सुरू होताना जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवावी किंवा यूईएफआयवर एस्केप दाबावी, ग्रब या सुरुवातीच्या मेनूतील अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जावे आणि यादीतील जुना कर्नल (प्रणालीचा गाभा) निवडावा. तो चालला तर दोष नव्या कर्नलचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा आहे. तो चालला नाही तर रिकव्हरी मोडच्या मेनूतील क्लीन या पर्यायाने आधी जागा मोकळी करावी आणि मग डीपीकेजी या पर्यायाने अर्धवट पॅकेजे पूर्ण करावीत. बूटचा विभाग जुन्या कर्नलांनी भरलेला असणे हे येथले नेहमीचे दुखणे आहे. उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह विंडोजच्या संगणकातून डेटा काढण्यासाठीही चालतो.

संगणक सुरू झाल्यावर

लगेच लोकांची कामे घ्यायला बसू नये. सेतू केंद्राच्या संगणकावर बायोमेट्रिक यंत्राची आरडी सेवा (आधार पडताळणीसाठी लागणारे सॉफ्टवेअर), डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर आणि स्कॅनर हे प्रत्येकी एकदा जोडून तपासावेत, कारण आवृत्ती बदलताना सर्वात आधी तुटतात त्या याच गोष्टी. विंडोज 10 वर परतला असाल तर सेटिंग्जमधील अपडेटच्या पानावरून विस्तारित सुरक्षा-अद्यतनांसाठी नोंदणी करता येते. घरगुती वापरकर्त्यांसाठी ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. त्यामुळे अपात्र संगणकावर पुन्हा त्याच अपग्रेडचा प्रयत्न करण्याची तातडी नाही. त्याच दिवशी बिटलॉकर किल्ली कागदावर लिहून कार्यालयाच्या कपाटात ठेवावी, रिकव्हरी ड्राइव्ह तयार करावा आणि बाहेर काढलेला डेटा दुरुस्त झालेल्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय त्या पेन ड्राइव्हवरून पुसू नये.